उठलेला गडी

घरभेटीच्या निमित्ताने एका कुटुंबात गेलो होतो. घरधनी पक्षाघातातून सावरत होता. आठ महिने त्याच्या पत्नीने त्याला भरवले, अंघोळ घातली, रात्री-अपरात्री उठून त्याची कूस बदलून दिली. आता काठीच्या आधाराने तो अंगणापर्यंत येऊ लागला होता. मी म्हणालो, "बाईंचे फार उपकार आहेत तुमच्यावर." तो सहजपणे उत्तरला, "उपकार कसले, फादर? तिनं तिचं कर्तव्यच केलं." चहा घेऊन येणारी ती माउली उंबरठ्यावर क्षणभर थबकली. कप ठेवून काही न बोलता आत निघून गेली.

परतताना ते वाक्य मनात घोळत राहिले. त्यात खोटे असे काय होते? सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात साथ देण्याचे वचन तिने वेदीसमोर दिले होते. वचन पाळणे हे कर्तव्यच. मग जे देणे लागतच होते, ते दिल्याबद्दल आभार कशासाठी मानायचे? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

त्या संध्याकाळी धर्मग्रामातील तरुण मैदानात कबड्डी खेळत होते. मीही विद्यार्थिदशेत हा खेळ खेळलो आहे. पाहता पाहता त्याचा एक जुना नियम मला नव्याने उमगला.

कबड्डीत बाद झालेल्या गड्याला आपण 'मेला' म्हणतो. या खेळाचे पूर्वी निरनिराळे प्रकार होते. गामिनी प्रकारात एकदा मेलेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. संजीवनी प्रकारात मात्र प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी उठतो. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून दाखल झालेली कबड्डी याच नियमावर उभी आहे. बाहेर बसलेल्याला स्वतःच्या बळावर परत येता येत नाही. तो कितीही चपळ असो, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणाला तरी दम धरावा लागतो, प्रतिपक्षाच्या सात जणांत एकट्याने शिरावे लागते.

यातली आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कोणाला उठवायचे हे चढाई करणारा ठरवत नाही. जो आधी बाद झाला, तो आधी उठतो. त्यामुळे 'मी तुला उठवले' असा तोरा त्याला मिरवता येत नाही. त्याने संघासाठी आपले काम केले, इतकेच. परंतु म्हणून उठलेला गडी 'त्याने त्याचे काम केले, माझा काय संबंध?' असे म्हणू शकेल काय? चढाई करणाऱ्याचे ते कर्तव्य होते हे खरे. मेलेल्याला जीवदान मिळाले हेही तितकेच खरे. एका सत्याने दुसरे पुसले जात नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा सतरावा अध्याय उघडून पाहा. तेथे प्रभू येशू शिष्यांना शिकवतो, की सांगितलेले सर्व काही केल्यावरही आम्ही केवळ आमचे कर्तव्य केले, असेच तुम्ही म्हणा. त्याच अध्यायात लगेच पुढे दहा कुष्ठरोगी बरे होतात, त्यांतील एकच आभार मानायला परत येतो, आणि उरलेले नऊ कोठे आहेत, असे प्रभू विचारतो. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. पहिली शिकवण देणाऱ्यासाठी आहे, दुसरी घेणाऱ्यासाठी. 'कर्तव्यच केले' हे वाक्य करणाऱ्याच्या मुखी नम्रता होते. तेच वाक्य ज्याच्यासाठी केले त्याच्या मुखी आले, की कृतघ्नता होते. शब्द तेच, पण ते उच्चारण्याचा अधिकार एकालाच आहे.

आपल्या घरांत आभाराचा शब्द परका वाटतो. आईला कोण धन्यवाद म्हणतो? म्हटलेच तर तीच संकोचते. शब्दांचा आग्रह मीही धरणार नाही. परंतु ज्या घरात सर्वांचे कष्ट 'कर्तव्य' या एका खाती जमा होतात, तेथे कर्तव्य चालू राहते आणि माणूस आतून वाळत जातो. त्या दिवशी उंबरठ्यावर मी तेच पाहिले.

महिन्याभराने पुन्हा त्या घरी गेलो. तरुणपणी तोही कबड्डी खेळलेला, म्हणून मैदानावर सुचलेले त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "फादर, चाळीस वर्षांत असलं कधी बोललो नाही. आता काय बोलू?"

मी म्हणालो, "उठलेला गडी भाषण करीत नाही. तो मैदानात येतो."

चहा झाल्यावर तो काठी टेकीत उठला. धडधाकट हाताने त्याने आपला रिकामा कप उचलला आणि हळूहळू स्वयंपाकघराकडे निघाला. आतून तिचा आवाज आला, "अहो, राहू द्या, सांडेल!"

कपात सांडण्यासारखे काहीच नव्हते. तो थांबलाही नाही.