बिनदुधाची खीर

रायगडच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली ज्यूंमध्ये पूर्वी ‘खिरीचा सण’ पाळत. ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याची चौथी तिथी, म्हणजे आपल्याकडे भात पिकत आल्याचे किंवा त्याच्या मागचेपुढचे दिवस. नव्या धान्याची खीर करायची आणि ती नारळाच्या रसात. सण आता मागे पडला, पण खिरीतली युक्ती घराघरांत टिकली.

जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या मूठभर माणसांचे आपण वंशज, असं हे लोक सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. धर्म असा की मांस आणि दूध एका जेवणात येता कामा नये. मग सणाला मटण झालं की गोडाचं काय करायचं? उत्तर वाडीतच उभं होतं. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र आटवून ते चिकाचा हलवा करू लागले. अलिबागच्या इस्रायल आळीपासून थेट इस्रायलमधल्या अश्दोदपर्यंत नव्या वर्षाला तो होतो.

इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी दूध-अंड्यांसकट प्राण्यांचं काहीच न खाणाऱ्यांसाठी ‘व्हीगन’ हा शब्द काढला १९४४ साली. हलव्याला तो शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. प्राण्यांच्या कळवळ्यातून काही तो जन्मला नाही, आणि धर्माचा नियम व हा कळवळा ही दोन कारणं एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पण वाटीतला पदार्थ तोच.

मला यातली गंमत अशी वाटते की या हलव्याला दुधाची आठवण येत नाही. आजच्या बऱ्याच व्हीगन पाककृतींना ती सारखी येते. बदामाचं दूध, काजूचं क्रीम, सोयाचं पनीर: न आलेल्या पाहुण्याची खुर्ची सजवून ठेवावी तसं. मग खाणारा चव घेत नाही, तुलना करतो. आणि तुलनेत नक्कल हरणारच.

घरी अशी खीर करायची तर उलट बाजूने, नारळापासून निघावं. गरम दुधात गूळ घालताना दूध नासण्याची धास्ती असते; नारळाच्या रसाचं आणि गुळाचं जुनं सूत आहे. ओलं खोबरं वाटून पहिला दाट रस बाजूला ठेवायचा. दुसऱ्या पातळ रसात तांदळाची कणी शिजवायची, मग गूळ, वेलची, मिठाची चिमूट. दाट रस शेवटी, मंद आचेवर, ढवळत. खळखळून उकळलात की रस फुटतो आणि तेल वर येतं. वाफवलेल्या सांदणातही नारळाच्या रसाची आणि गुळाची हीच जोडी असते. तिथे आंब्याचा रस असला तर गूळ हात राखून घालावा.

‘हेल्दी’ या शब्दाबद्दल मात्र मी जरा कद्रू आहे. गूळ ही शेवटी साखरच, थोडी सावळी. आणि नारळातली बहुतेक चरबी संपृक्त. दूध वगळलं म्हणून दुसरी वाटी पुण्याची होत नाही. या दृष्टीने मलिदा मला अधिक सरळ वाटतो: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड, वेलची, सुका मेवा, सोबत फळं. चूल पेटवावी लागत नाही. बेने इस्रायली तो एलियाहू संदेष्ट्याच्या नवसाला करतात. अलिबागजवळच्या खंडाळ्याला तर त्याच्या रथाच्या खुणा असलेला खडकही दाखवतात.

माझ्या ओळखीचे एकजण उकडीचा मोदक व्हीगन आहे की नाही यावर हिरिरीने भांडतात. उकडीत लोणी न घालता तेलाचा चमचा घातला, तर पारीत तांदूळ आणि सारणात गूळ-खोबरं, एवढाच तो ऐवज. तुपाचा प्रश्न येतो तो पानात वाढताना, आणि तेव्हा वाढणारी बाई विचारतेच, “घालू का?”