धम्माची राखण कोणी करायची?

श्रीलंकेचा जुना पाली इतिहासग्रंथ ‘महावंस’ लिहिणाऱ्या भिक्खूने अनुराधपूरचा तमिळ राजा एळार न्यायी होता, हे मोकळेपणाने सांगितले आहे. तरी त्याच्या कथेचा नायक एळाराला मारून गादी मिळवणारा दुट्ठगामणीच. विजयानंतर रणातल्या मृतांच्या आठवणीने या राजाला चैन पडेना. तेव्हा अर्हंतांनी त्याची समजूत घातली, की माणसे मेली ती दीडच: एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलही. बाकीचे हिशेबातच नाहीत. बुद्धाच्या करुणेशी हे उत्तर मला कधीच जुळवता आलेले नाही. त्याच ग्रंथात दुट्ठगामणीने एळाराची समाधी बांधून तिला मान द्यायला लावल्याचेही लिहिले आहे; पुढे ते फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

पण आजचा सिंहली राष्ट्रवाद थेट या कथेतून उतरला, असे मी मानत नाही. राजाने धम्म राखावा आणि संघाने राजाला मान्यता द्यावी, अशी जुनी व्यवस्था होती. बुद्धाचा दंतधातू ज्याच्या ताब्यात, राज्य त्याचे. १७३९ पासून कँडीच्या गादीवर दक्षिण भारतातले नायक्कर घराणे होते. त्यातल्या कीर्ती श्री राजसिंहाने सयामहून भिक्खू आणवून १७५३ मध्ये खंडित झालेली उपसंपदा, म्हणजे भिक्खूंची पूर्ण दीक्षा, पुन्हा सुरू केली. त्याच्याविरुद्ध कटही झाला, हे खरे. तरी परक्या मुळाचा राजा धम्माचा रक्षक म्हणून तिथे नांदू शकत होता.

कँडीचे राज्य घेताना केलेल्या १८१५ च्या करारात इंग्रजांनी बौद्ध धर्माच्या संरक्षणाचे वचन दिले, आणि मिशनऱ्यांच्या दबावाखाली हळूहळू अंग काढून घेतले. माझ्या मते खरे वळण हेच. राजा गेला, राखणीचे काम मात्र उरले. १८७३ च्या पाणदुरा वादसभेत भिक्खूंनी पाद्र्यांना जाहीर उत्तरे दिली. पुढे बौद्ध प्रचारक अनागारिक धर्मपालांनी त्या कामाला सिंहली वंशाच्या अभिमानाची जोड दिली. १९४६ मध्ये भिक्खू वल्पोल राहुल यांनी राजकारण हे भिक्खूचेही कर्तव्य असल्याचे पुस्तकभर मांडले.

परंपरेच्या गणनेनुसार १९५६ हे बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये बौद्ध परिषदेसाठी सिलोनला जाऊन आले होते. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात त्यांच्यासह लाखोंनी धम्म स्वीकारला तो माणुसकीचा हक्क म्हणून. त्याच वर्षी कोलंबोत, भिक्खूंच्या पाठिंब्याने निवडून आलेल्या पंतप्रधान बंदरनायके यांच्या सरकारने सिंहली हीच एकमेव राजभाषा ठरवली. पुढच्या वर्षी बंदरनायकेंनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी तमिळांना काही अधिकार देणारा करार केला. १९५८ मध्ये भिक्खूंनी त्यांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि बंदरनायकेंनी तो करार रद्द केल्याचे लिहून दिले. १९५९ मध्ये एका भिक्खूनेच त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कटाचा सूत्रधार ठरला केलनिया विहाराचा प्रमुख.

या हत्येनंतर समाज थबकायला हवा होता. उलट १९७२ च्या राज्यघटनेने बौद्ध धर्माला अग्रस्थान दिले आणि १९७८ च्या घटनेत कलम ९ म्हणून ते कायम राहिले. २००४ मध्ये नऊ भिक्खू संसदेत निवडून गेले आणि स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांशी तडजोडीला कडाडून विरोध करू लागले. पण मादुलुवावे सोभित थेरोंसारखा भिक्खूही याच परंपरेतला. तरुणपणी कट्टर राष्ट्रवादी असलेल्या या थेरोंनी उतारवयात अध्यक्षांच्या अनिर्बंध सत्तेविरुद्ध मोहीम उभारली आणि २०१५ च्या सत्तांतराला बळ दिले. संघाचा सत्तेवरचा नैतिक दाब तिथे आजही काम करतो. तो तमिळ आणि मुस्लिम नागरिकांच्या बाजूनेही वापरा, अशी मागणी सिंहली बौद्धांनीच संघाकडे करायला हवी.