उंबरठ्यावरील हात



शास्त्यांच्या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातील कथा मंडळीत क्वचितच वाचली जाते. गिबा गावात दुष्टांनी एका स्त्रीची रात्रभर विटंबना केली. पहाटे ती आपला धनी उतरला होता त्या घराच्या दाराशी येऊन कोसळली. सकाळी त्याने दार उघडले तेव्हा तिचे हात उंबरठ्यावर होते. दुष्ट बाहेर होते हे खरे. परंतु तिला बाहेर लोटणारा हात घरातलाच होता. त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, हे शास्त्र आरंभीच सांगते. जेथे न्याय करणारा नाही, तेथे पहिला बळी स्त्रीचा पडतो.

आज आपल्यावर कायदा आहे. विजयदुर्गाजवळ समुद्रात बुडालेली दगडी भिंत आहे. ती वरून दिसत नाही, तरी शत्रूची जहाजे तिजवर आपटून फुटत, असे वाडवडील सांगत आले. कायदाही तसाच आहे. परंतु १७५६ साली इंग्रजांच्या आरमाराने तो किल्ला घेतलाच. केवळ भिंतीने गड राखला जात नाही. आत जागे राहणारे लागतात.

भिंतीस भगदाडही असते. १९७२ साली महाराष्ट्रातील देसाईगंज येथे पोलीस ठाण्यातच एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती असावी, असे धरून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांस सोडले. पुढील वर्षी कायदा शिकविणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांस उघडे पत्र लिहिले. ठिकठिकाणी स्त्रियांनी मोर्चे काढले. १९८३ साली कायदा सुधारला: पोलिसांच्या ताब्यातील स्त्री संमती नव्हती असे सांगेल, तर न्यायालयाने ते प्रथम खरे धरावे. त्याच वर्षी सासरचा क्रूर छळही स्वतंत्र गुन्हा ठरला. लोक गप्प बसले नाहीत, म्हणून भगदाड बुजले.

घरातील माराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. न्यायदंडाधिकारी मारणाऱ्यास मनाई करू शकतात, व स्त्रीस राहत्या घरातून काढू नये असा हुकूम देऊ शकतात. आणि पीडितेनेच तक्रार करावी असे नाही. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्यास कळवावे. सद्भावाने कळविणाऱ्यावर कसलाही दोष येत नाही.

उपदेशक बंधूंनो, मार खाल्लेली बहीण आपल्या दाराशी येते, तेव्हा "सोस, प्रार्थना कर, घरी जा" इतकेच सांगून आपण दार लावीत नाही काय? क्षमा शिकविणे आपले काम खरे. परंतु मारणाऱ्यास झाकण्यासाठी क्षमेचे नाव घेणे पाप आहे. तिला परत पाठविणारा हात त्या लेव्याच्या हाताहून फारसा निराळा नाही.

म्हणून आज रात्री वाडीत कोणाचा आक्रोश कानी आला, तर घरची गोष्ट म्हणून कूस बदलू नका. उठा, दिवा लावा, दार उघडा, १८१ किंवा ११२ ह्या क्रमांकावर कळवा. सकाळी उंबरठ्यावरील हात पाहून हळहळण्यात काय अर्थ? प्रभु आपणांस जागे ठेवो.