गव्हर्नर काढताना

यंत्र आपले, पैसा आपला, कष्टही आपलेच. मग त्याची ताकद वाढविताना दुसऱ्या कोणाला विचारण्याचे कारण काय? अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या परिचयातील एका तरुणाने हा प्रश्न केला, तेव्हा त्यात तात्त्विक असे काही आहे, असे त्याला स्वतःलाही वाटत नव्हते. तो आपल्या मित्रांसह गो-कार्ट बांधीत होता. गो-कार्ट म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर चार लहान चाके, एक आसन आणि मागे एक छोटे इंजिन. ना छप्पर, ना स्प्रिंगा. इंजिन पाण्याच्या पंपाचे, सुमारे दोनशे सीसीचे, सहा-साडेसहा अश्वशक्तीचे. ते जितके पळते त्याहून अधिक पळावे, एवढीच त्या मुलांची इच्छा होती.

ही इच्छा निंद्य आहे, असे आम्ही मानीत नाही. गो-कार्टचा जन्मच अशा उचापतीतून झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स या कारागिराने गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेले इंजिन सांगाड्यावर बसवून पहिली गाडी तयार केली. त्याने कारखानदाराचा हेतू शिरोधार्य मानला असता तर हा खेळ निघालाच नसता. आमच्या सीमाभागातही यंत्राला मूळ कामाबाहेर राबविणे नवे नाही. विहिरीवरच्या इंजिनाला पट्टा चढवून त्यावर कडबा कापणारे शेतकरी भालकी-औरादकडे आम्ही कितीतरी पाहिले. जो हात यंत्र उघडण्यास धजत नाही तो यंत्र शिकतही नाही. तेव्हा प्रश्न उघडावे की न उघडावे हा नसून, उघडल्यावर आपण नेमके काय काढून घेतो, हा आहे.

अशा इंजिनाची ताकद वाढविण्याचे मार्ग ठरलेले आहेत. हवा अधिक मोकळेपणी आत यावी म्हणून गाळणी बदलतात, कार्ब्युरेटरची जेट मोठी करतात, धूर बाहेर जाण्याची नळी सरळ करतात. एवढ्याने थोडाच लाभ होतो. खरी भिंत असते ती गव्हर्नरची. इंजिनाच्या पोटात एका दातेरी चाकावर दोन लहान वजने बसविलेली असतात. फेरे वाढले की ती बाहेर फेकली जातात, एक दांडी ढकलतात आणि पेट्रोल-हवेचा मार्ग आवळतात. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला बसविलेल्या गोळ्यांच्या नियंत्रकाचाच हा वंशज. त्याच्या वर्तनाचे गणित मॅक्सवेलसारख्या शास्त्रज्ञाने १८६८ साली मांडले, यावरून विषय किती खोल आहे हे ध्यानात यावे. या जातीच्या इंजिनांना साधारणपणे मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास हा लगाम बसतो. तो काढला की तेच इंजिन पाच हजारांच्या पुढे जाते. ताकद ही फिरविण्याचा जोर आणि फेरे यांच्या गुणाकाराने ठरते. म्हणून फेरे वाढले की अश्वशक्ती वाढते. मुलांना वाटते, कारखान्याने दडवून ठेवलेली शक्ती आपण मोकळी केली.

येथेच आमचा मतभेद आहे. मिनिटाला ३६०० ऐवजी ५४०० फेरे झाले, म्हणजे वेग दीडपट झाला. पण पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबून उलट फिरावे लागते आणि ती ओढाताण सोसणाऱ्या कनेक्टिंग रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. दीडपट वेगाला सव्वादोनपट ताण. फ्लायव्हीलच्या लोखंडाला बाहेर फाडू पाहणारा जोरही त्याच हिशेबाने सव्वादोनपट होतो. या इंजिनात बहुधा तेलाचा पंप नसतो; रॉडच्या टोकाने उडविलेल्या तेलावरच सारे वंगण चालते. झडपांच्या स्प्रिंगा ठराविक वेगापर्यंतच झडपा वेळेवर मिटवितात. कारखानदाराने हे सारे भाग ३६०० फेऱ्यांना पुरून थोडे उरतील असे केलेले असतात. त्या उरलेल्या भागाला कोणी शक्ती म्हणत नाही, कारण ती कामाला येताना दिसत नाही. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा पट्टा अचानक निसटला, भार गेला, तरी इंजिन उधळत नाही आणि शेजारी बसलेला गडी सुखरूप राहतो, तो तिच्या आणि गव्हर्नरच्या जिवावर. गव्हर्नर काढणारा नवी शक्ती निर्माण करीत नाही. अनोळखी माणसासाठी राखून ठेवलेल्या शिलकेतून तो उचल करतो.

स्पर्धेपुरता प्रश्न सोपा आहे. विद्यार्थ्यांच्या बाहा स्पर्धा भारतात २००७ पासून होतात. तेथे अनेक वर्षे सर्व संघांना सारखेच दहा अश्वशक्तीचे इंजिन वापरावे लागे आणि त्याला हात लावण्यास मनाई असे. अशा ठिकाणी गव्हर्नर ढिला करणे ही उघड लबाडी होय; त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

कायद्याचे उत्तर मात्र अपुरे पडते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारागणिक पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. पण केवळ बंदिस्त आवारात वापरण्याजोग्या खास वाहनाला तो कायदा मोटार वाहनच म्हणत नाही. म्हणजे मैदानाला कुंपण असले की परिवहन कार्यालय बाहेर राहिले. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे एरवी वाईट वाटावे. आम्हाला वाटत नाही. नियम संपतो तेथे विचार करण्याची पाळी आपल्यावर येते, इतकेच.

आपल्या भाषेत ‘अधिकार’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कचेरीत अधिकार म्हणजे सत्ता. वेदान्तात अधिकार म्हणजे पात्रता. ग्रंथारंभी सांगावयाच्या चार अनुबंधांत ‘अधिकारी’ पहिला येतो आणि तेथे तो कोणत्या गोष्टीचा मालक आहे हे विचारीत नाहीत. त्याची तयारी काय, हे विचारतात. यंत्राच्या मालकाला पहिल्या अर्थाने अधिकार आहेच. दुसऱ्या अर्थाने तो मिळवावा लागतो, आणि येथे तो मिळविण्याची रीत अगदी रोकडी आहे. आधी घडीव मजबूत रॉड घाला, अधिक वेग सोसणारे फ्लायव्हील बसवा, स्प्रिंगा बदला. मग ब्रेककडे पाहा, कारण ताशी ४० चे ६० किलोमीटर झाले की थांबण्याचे अंतरही सव्वादोनपट होते. साखळी आणि फिरता आस झाका. सर्वांत शेवटी गव्हर्नरला हात लावा. प्रत्यक्षात क्रम उलटा असतो, कारण गव्हर्नर फुकटात निघतो आणि रॉडला पैसे पडतात.

आस झाकण्याची गोष्ट आम्ही उगाच घातलेली नाही. २०१८ साली हरियाणातील पिंजोर येथे आणि २०२० साली, आमच्या बिदरची मुले हौसेने जातात त्या हैदराबादेत, गो-कार्टच्या फिरत्या भागात केस अडकून एकेका तरुणीचा मृत्यू झाला. तेथे कोणी इंजिनाची ताकद वाढविली होती असे आमचे म्हणणे नाही. परंतु आसनावर बसणारी व्यक्ती यंत्र बांधणारी नसते, हे त्यावरून स्पष्ट दिसते. ती पैसे देते, शिरस्त्राण घालते आणि विश्वासाने बसते.

बिदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ चा. सतराव्या शतकाच्या अखेरीस तेथे साठविलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन एक मिनार आणि पुढचा बराच भाग कोसळला. वीज पडल्याचेही सांगतात. बांधणाऱ्याने भिंती ग्रंथांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी भक्कम केल्या होत्या. तो भक्कमपणा पाहूनच पुढच्यांना तेथे दारू ठेवणे सोयीचे वाटले असावे. दोहोंच्या मध्ये दोनशेहून अधिक वर्षे गेली होती, आणि बांधणाऱ्याला विचारणे शक्य नव्हते.

त्या तरुणाला आम्ही क्रम सांगितला. तो म्हणाला, “काका, एवढं करायचं तर दुसरं इंजिनच येईल की!” हिशेब फारसा चुकीचा नव्हता. मग आम्ही दुसरे विचारले: स्पर्धा संपल्यावर या इंजिनाचे काय करणार? विकणार, तो म्हणाला. पंपासाठी गिऱ्हाईक लगेच मिळते. गव्हर्नरची दांडी काढल्यावर तिच्या जागी उरलेले भोक बोल्ट बसवून बुजवितात, आणि वरून रंग दिला की ते दिसत नाही. घेणारा शेतकरी इंजिन विहिरीवर बसवील, पाणी सुरू करील आणि बाजूला सावलीत बसेल. त्याला भोकाविषयी कोण सांगणार, याचे उत्तर त्या मुलांजवळ त्या दिवशी नव्हते.