उसावरचा हक्क कुठे संपतो?

कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारात जुलै-ऑगस्टला आडसाली लागण होते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पंधरा-सोळा महिने वाढतो, सोमेश्वर साखर कारखान्यात गाळला जातो आणि अंतिम दर बहुधा त्याच्या पुढच्या दिवाळीच्या तोंडावर ठरतो. लागणीपासून हिशेब पुरा व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ जातो. हा उशीर जाचक आहेच. पण त्यामागे एक मोलाचा विचार आहे: ऊस काट्यावर उतरला म्हणून शेतकऱ्याचा त्यावरचा हक्क संपत नाही, साखर विकली जाईपर्यंत तो टिकतो.

कायद्याने हे मान्य केले आहे. ऊस नियंत्रण आदेश 1966 चा. त्यात 1974 मध्ये कलम 5अ आले आणि जादा नफ्याचा निम्मा भाग ऊस उत्पादकाचा ठरला. 2009 मध्ये ते जाऊन एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आली. 2024-25 च्या हंगामासाठी ती 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3400 रुपये होती, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. ती चौदा दिवसांत द्यायची, नाहीतर पंधरा टक्के व्याज. पण एफआरपी हा तळ आहे. वरच्या वाट्यासाठी रंगराजन समितीने 2012 मध्ये सूत्र सुचवले: साखर, मळी, बगॅस आणि प्रेसमड यांच्या किमतीचा सत्तर टक्के भाग शेतकऱ्याचा. महाराष्ट्राने 2013 मध्ये त्यासाठी कायदाच केला.

तरीही एक प्रश्न वर्षानुवर्षे कोर्टात झुलत राहिला. एफआरपीच्या आधीच्या काळात किमान दराच्या वर दिलेले पैसे म्हणजे उसाची किंमत की नफ्याची वाटणी? आयकर खाते म्हणे वाटणी, म्हणून कर भरा. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तासगावच्या कारखान्याच्या खटल्यात त्यातला नफ्याचा अंश वेगळा काढायला सांगितले. शेवटी 2023 च्या अर्थसंकल्पाने 2016-17 पूर्वीची ती देणी खर्च म्हणून मान्य केली. सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. माझ्या मते ती किंमतच होती. लाभांश शेअरवर मिळतो, हे पैसे टनावर मिळतात. एकच शेअर असलेल्या सभासदाने दोनशे टन ऊस घातला, तर त्याला दोनशे टनांचे पैसे येतात. ज्याने ऊस घातला नाही, त्याला काहीच नाही.

घानाच्या कोको शेतकऱ्याकडे पाहिले की या हक्काची किंमत कळते. तिथे बियांचा दर सरकारी मंडळ ठरवते. बी विकली की शेतकऱ्याचा संबंध तुटतो, मग युरोपात चॉकलेट कितीही महाग विको. 1993 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांनी कुआपा कोकू ही सहकारी संस्था उभारली, आणि 1998 मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या डिव्हाइन चॉकलेट कंपनीत ती भागीदार झाली. त्यांना परदेशातल्या कंपनीत भागीदार व्हावे लागले. आपल्याकडे 1950 पासून, प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी कारखान्यापासून, कारखानाच ऊसवाल्यांचा आहे.

म्हणूनच इथली उणीव जास्त खटकते. सत्तर टक्क्यांच्या सूत्रात मळी धरली जाते ती मळीच्या भावाने. पुढे डिस्टिलरीत तिचे इथेनॉल होते, ती कमाई सूत्राबाहेर राहते. मळी विकणारा आणि घेणारा एकच कारखाना असेल, तर मधला भाव कागदावरच ठरतो. शिवाय साखरेचा अंश जास्त असलेली बी-हेवी मळी काढली की साखरेचा उतारा घटतो, त्याची भरपाई दरात नीट धरली गेली का, हेही पाहावे लागते. सभासदांच्या भागभांडवलावर आणि ठेवींवर उभ्या राहिलेल्या डिस्टिलरीचा नफा उसाच्या दरात आलाच पाहिजे. चांगला संचालक तो आणतोही; पण हक्काची गोष्ट संचालकाच्या चांगुलपणावर सोडू नये.

वार्षिक सभेचा अहवाल घरी येतो. या वेळी दराच्या घोषणेआधी त्यातला एक आकडा शोधा: वर्षभरात डिस्टिलरीला मळी टनाला काय भावाने दिली? तो सापडला नाही, तर सभेत उभे राहून विचारा.