प्रमाद कोणाचा? सायकलमार्ग, चौक आणि अहिंसा

रस्ता आखताना शहर एक नैतिक निर्णय घेत असते. कोणी कोणासाठी थांबायचे, कोणी वळसा घ्यायचा आणि कोणाची चूक झाली तर ती कोणाच्या जिवावर बेतायची, हे त्या आखणीतच ठरते. सायकलमार्गांचे जाळे आणि चौकांची सुधारणा ही कामे स्थापत्य अभियंत्यांची मानली जातात; रुंदी, वळणाची त्रिज्या, सिग्नलचे सेकंद अशा मापांत ती मोजलीही जातात. पण चौकात सायकलस्वार ट्रकखाली येतो तेव्हा उभा राहणारा प्रश्न या मापांत मावत नाही. तिथे कोणालाच कोणाला मारायचे नव्हते, तरी एक जीव गेला. हेतू नसताना घडलेल्या हिंसेचा दोष कोणाला लागतो: चालकाला, सायकलस्वाराला, नशिबाला, की चौक आखणाऱ्याला?

वाट कोणी कोणाला द्यावी, हा विचार भारतीय धर्मशास्त्राला नवा नाही. गौतम आणि आपस्तंब यांच्या धर्मसूत्रांत, तसेच मनुस्मृतीत, कोणासाठी बाजूला व्हावे याच्या याद्या आहेत. मनुस्मृतीच्या यादीत रथात बसलेला माणूस, नव्वदी ओलांडलेला वृद्ध, रोगी, ओझे वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि नवरदेव येतात. या यादीत दोन तत्त्वे एकत्र नांदतात. वृद्ध, रोगी आणि ओझेकरी यांना वाट मिळते, कारण बाजूला होणे त्यांना जड जाते. राजाला आणि स्नातकाला ती मिळते मानापोटी. पहिले तत्त्व करुणेचे, दुसरे प्रतिष्ठेचे. समाजात दुसऱ्या तत्त्वाने पहिल्यावर कशी मात केली, याचा पुरावा त्रावणकोर संस्थानातील वैकमला मिळतो. तिथल्या मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्याची अस्पृश्य ठरवलेल्या जातींना बंदी होती. ती उठावी म्हणून १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला. मागणी मंदिरप्रवेशाची नव्हती, साध्या रस्त्यावरून चालण्याची होती. रस्ता सार्वजनिक आहे असे म्हणणे म्हणजे तिथे माणसाचा दर्जा मोजायचा नाही, हे मान्य करणे. आजच्या चौकात जातीची बंदी नसते. पण तिथला अग्रक्रम अनेकदा वाहनाच्या आकारावरून आणि वेगावरून ठरतो, आणि हे प्रतिष्ठेचेच तत्त्व आहे.

दोषाच्या प्रश्नावर श्रमण परंपरांनी फार बारकाईने विचार केला. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्माचे मर्म आहे. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात याच मुद्द्यावर वाद रंगतो: मनाने केलेले कर्म अधिक गंभीर की शरीराने केलेले? बुद्ध मनाच्या बाजूने उभे राहतात. द्वेष किंवा लोभ यांतून होणाऱ्या कृत्यांना ही कसोटी चोख लागू पडते. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र ती एकटी पुरत नाही. चालकाला घरी पोचायचे होते, सायकलस्वाराला कामावर जायचे होते, अभियंत्याला वाहतूक सुरळीत करायची होती. हेतू पाहिले तर सगळेच निर्दोष ठरतात आणि मृत्यू अनाथ राहतो. मराठीत त्याला अपघात म्हणतात. या शब्दात घात आहे, पण घात करणारा कोणी नाही.

जैन विचार इथे एक पाऊल पुढे नेतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद येतो: असावधपणे वागल्यामुळे दुसऱ्याच्या प्राणांची हानी होणे म्हणजे हिंसा. आचार्य कुंदकुंदांनी प्रवचनसारात हाच धागा ताणून धरला आहे. समोरचा जीव मेला नाही तरी असावध माणूस हिंसेचा धनी होतो, आणि पुरेशी काळजी घेऊनही जीव गेला तर त्या माणसाला केवळ त्या घटनेमुळे दोष लागत नाही, असे त्यांचे म्हणणे. म्हणून साधूने पाळायच्या पाच समितींमध्ये पहिली येते ती ईर्यासमिती, म्हणजे चालण्यातली सावधगिरी. पुढची चार हात जमीन नीट पाहून पाऊल टाकायचे, पायाखाली कोणी येणार नाही याची खात्री करत जायचे. ही शिकवण चालणाऱ्या माणसासाठी आहे आणि तिचे मापही चालण्याच्या वेगाचे आहे. तेवढ्या वेगात चार हातांवरचे दिसले की थांबता येते.

वेग बदलला की हे माप अपुरे पडते. ताशी ५० किलोमीटरने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर, म्हणजे ३० हात जमीन ओलांडते. काही दिसणे, ते समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यातच सेकंदभर किंवा अधिक वेळ जातो. ताशी ३० किलोमीटरला हेच अंतर १८ हातांवर येते. शिवाय गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० च्या वेगातली धडक ३० च्या धडकेच्या पावणेतीन पटींहून जोरदार असते. ताशी ३० च्या आसपास धडक बसलेला पादचारी किंवा सायकलस्वार बहुतेक वेळा वाचतो. त्यापुढे वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते. चालक कितीही सज्जन असला तरी वळणाआडून निघालेली सायकल त्याला वेळेवर दिसेलच असे नाही. ईर्यासमिती पाळायची त्याची इच्छा असते, पण रस्त्याची रचनाच त्याला ती पाळू देत नाही. म्हणजे काळजी घेण्याच्या कर्तव्याचा एक भाग चालकाच्या आधी, रस्ता आखणाऱ्याकडे जातो. चालकाला निर्णयासाठी सेकंद मिळतो, आखणाऱ्याला महिने मिळतात. ज्याच्याकडे विचाराला अधिक वेळ, त्याच्या प्रमादाचे वजनही अधिक.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये स्वीकारलेले ‘शून्य मृत्यू’ धोरण वेगळ्या वाटेने याच निष्कर्षाला पोचते. माणूस चुकणारच हे त्यात गृहीत आहे. चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, ही त्याची मागणी आहे, आणि रस्त्याची व्यवस्था रचणारे त्या मागणीला बांधील मानले जातात. भारताच्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल करणाऱ्यांनी सुरक्षिततेची विहित मानके पाळली नाहीत आणि त्यातून मृत्यू वा अपंगत्व आले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची त्यात तरतूद आहे. रक्कम थोडी असली तरी आखणारासुद्धा असावध असू शकतो, हे तत्त्व कायद्याने मान्य केले.

हे तत्त्व अख्ख्या शहराच्या नकाशात कसे उतरते, ते नेदरलँड्समधल्या हाउटनमध्ये पाहता येते. त्या देशात १९७१ मध्ये रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसे मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. त्यातून ‘बालहत्या थांबवा’ या अर्थाच्या नावाचे नागरिक आंदोलन उभे राहिले. नावातला हत्या हा शब्द मुद्दाम निवडलेला होता. अपघात या शब्दाआड लपलेली जबाबदारी त्याने उघडी केली. युट्रेख्टजवळचे हाउटन हे तेव्हा छोटे खेडे होते आणि १९६६ मध्ये त्याची वाढीव वस्तीसाठी निवड झाली होती. रॉब डेर्क्स यांच्या आराखड्यात मोटारींसाठी गावाभोवती वळणरस्ता आला. एका वस्तीतून दुसरीत मोटारीने जायचे तर आधी त्या बाहेरच्या रस्त्यावर यावे लागते. सायकलींचे मार्ग मात्र वस्त्यांमधून सरळ मधोमध, रेल्वे स्थानक आणि बाजाराकडे जातात. मोटारीला गावात यायला बंदी नाही. वळसा तिच्या वाट्याला आहे, कारण तो घेण्याची ताकद तिच्याकडे आहे. ओझेकऱ्याला वाट देण्याचे जुने करुणेचे तत्त्व आज सुमारे पन्नास हजार लोकवस्तीच्या या उपनगराच्या नकाशात दिसते.

सरळ रस्त्यापेक्षा चौकात धोका अधिक, कारण तिथे वाटा एकमेकींना छेदतात. चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडू शकतात. एकपदरी गोलचौकात अशा जागा आठ उरतात. भारतासारख्या डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीत सायकलस्वाराला एक मोठा धोका डावीकडे वळणाऱ्या बसचा किंवा ट्रकचा असतो. सायकल सरळ जात असते, ट्रक तिच्यासमोरून आत वळतो आणि केबिनच्या डाव्या बाजूचे चालकाला नीट दिसत नाही. सिग्नलविना वळू देणारा ‘फ्री लेफ्ट’ हा धोका वाढवतो. उपाय साधे आहेत. कोपऱ्याची त्रिज्या लहान ठेवली की वळताना वेग आपोआप उतरतो. कोपऱ्यावर बेट बांधून सायकलचा छेदमार्ग थोडा आत घेतला की वळणाऱ्या चालकाला सायकल काचेतून थेट समोर दिसते. छेदमार्ग उंचावला, सायकलींना सिग्नल काही सेकंद आधी दिला, रुंद रस्त्याच्या मध्ये थांबायला जागा ठेवली, तर चुकीला सावरायला अवधी मिळतो. यातला प्रत्येक उपाय ईर्यासमितीचेच काम करतो: दिसू देणे आणि थांबू देणे.

या भूमिकेवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, जबाबदारी रचनेवर टाकली तर चालक बेफिकीर होतील. पण रचनेची जबाबदारी मान्य केल्याने चालकाची कमी होत नाही. प्रमाद ही वाटून संपणारी वस्तू नाही; दोघे असावध असतील तर दोघांनाही तो पूर्ण लागतो. दुसरा आक्षेप बहुसंख्यांच्या वेळेचा आहे: मूठभर सायकलस्वारांसाठी हजारो वाहने का खोळंबावीत? इथे बेरीज फसवी ठरते. हजार माणसांचे दहा-दहा सेकंद एकत्र केले तर आकडा मोठा दिसतो, पण दहा सेकंदांहून अधिक कोणाचेच जात नाहीत. दुसऱ्या पारड्यात एकाचे सगळे आयुष्य असते. तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे: चाके फिरतात तिथे हिंसा अटळ आहे. जैन परंपरेने हे नाकारलेले नाही. स्वयंपाक, घर, रोजची कामे यांतून घडणाऱ्या हिंसेला ती आरंभी हिंसा म्हणते आणि गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही हे मानते. मात्र अटळ म्हणून सोडून देण्याची मुभा ती देत नाही. जयणा, म्हणजे जपून वागणे, त्याच्यावर उरतेच. टाळता येण्याजोगे टाळून झाल्यावर जे उरते, तेवढ्यालाच अटळ म्हणता येते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे पिंपरी-चिंचवड. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग औद्योगिक वसाहत वाढली आणि १९८२ मध्ये महापालिका झाली. कारखान्याच्या पाळीला सायकलने जाणारा कामगार हा या शहराचा जुना रहिवासी आहे. शहराच्या मधून जाणारा जुना पुणे-मुंबई रस्ता आता रुंद झाला आहे. त्याच्या मधल्या मार्गिका ग्रेड सेपरेटरमधून न थांबता जातात आणि स्थानिक वाहतूक कडेच्या सेवारस्त्यांवरून चालते. वाहनांचे छेद यामुळे सुटले, पण रस्ता ओलांडणाऱ्याचा पल्ला लांबला. याच रस्त्याने दरवर्षी आषाढीआधी देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामानंतर पुण्याकडे जाते. त्या दिवशी मोटारी वळसा घेतात आणि रस्ता पायी चालणाऱ्यांच्या चालीने चालतो. सर्वांत हळू चालणाऱ्यासाठी थांबणे या समाजाला परके नाही. सायकलमार्गाची आखणी त्याच वागण्याला वर्षातल्या एका दिवसावरून रोजच्या व्यवहारात आणते.

यावरून दोषाच्या प्रश्नाचे उत्तर क्रमाने मांडता येते. रस्त्यावरचा प्रत्येक जण स्वतःच्या सावधपणाला जबाबदार आहे, आणि ज्याचे वाहन जड व वेगवान, त्याची जबाबदारी अधिक. त्या सावधपणाला वाव देणारी रचना करणे हे आखणाऱ्याचे कर्तव्य आहे. आखणाऱ्याला पैसा, जागा आणि अग्रक्रम ठरवून देणारे नागरिक व त्यांचे प्रतिनिधी या साखळीची शेवटची कडी आहेत. चौक धोक्याचा आहे हे ठाऊक झाल्यावर तो तसाच ठेवला गेला, तर पुढच्या मृत्यूला नशीब म्हणता येत नाही. धोका ठाऊक असूनही हात बांधून बसणे हाच तिथे प्रमाद ठरतो.