आपली मान

सॉफोक्लिसचं ‘अँटिगनी’ (इ.स.पू. ४४१ च्या सुमाराचं) वाचताना प्रत्येकाला आपण म्हणजे अँटिगनीच, असं वाटतं. राजा क्रेऑनचा हुकूम मोडून, देशद्रोही ठरलेल्या भावाच्या प्रेतावर माती टाकणारी! मलाही वाटलं.

मग पहारेकरी आला. राजाला वाईट बातमी सांगायची कुणी, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, तर नेमकी ह्याचीच निघालेली! पुढं तो अँटिगनीला धरून आणतो आणि कबूल करतो, की तिचं वाईट वाटतं. पण आधी आपला जीव.

मी दचकलो. देवाचा नियम तिच्या बाजूला, कायदा राजाच्या बाजूला आणि पहारेकरी स्वतःच्या बाजूला. हा तर मीच!

शेवटी अँटिगनी मरते, क्रेऑनचं घर उद्ध्वस्त होतं. पहारेकऱ्याचं काय झालं, हे कुणीच विचारत नाही. बहुधा वेळेवर घरी जाऊन जेवला असेल.

माझ्यासारखाच.